बारा सुइणींचं राहिलेलं काम

थोमताईच्या शिव्या आमच्या वाडीत नावाजलेल्या होत्या. चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी सगळ्या बाया उदबत्त्या लावून पितरांपुढे हात जोडायच्या. ही मात्र अंगणात यायची, कमरेवर हात ठेवायची आणि आभाळाकडे बघून बारा सुइणींना एकेकीला झोडायची. पोटातलं मूल घडवणाऱ्या त्या बाराजणी. एक डोळे करते, एक कान, एक हात, एक पाय. मूल जन्मल्यावर एक हसायला शिकवते, एक रांगायला, आणि शेवटची शिकवते घास तोंडात न्यायला. थोमताई कुणालाच सोडत नसे.

"ए पायवाले, डुलकी लागली होती काय गं तुला? आणि तू, हातवाले, तीन बोटं एकत्र चिकटवून कुणाच्या लग्नाला पळालीस?"

तिची मुलगी न्यान दारातल्या बांबूच्या खाटेवर पडून हे ऐकायची आणि खिदळायची. शब्द तिला कळत नसत, पण आईचा आवाज चढला की तिला मजा वाटे. मी तेव्हा या वाडीत नवी सून होते. आमच्या दोन घरांमध्ये एक बांबूचं कुंपण तेवढं. त्या कुंपणाआड उभी राहून मीही तोंडावर हात धरून हसायचे. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

न्यान जन्मली ती युद्ध संपून सहा वर्षं झाल्यावर. तिच्या आधीची दोन बाळं जन्मताच गेली होती. त्यांना कुणी धड पाहिलंही नाही. थोमताईच्या सासूने केळीच्या पानात गुंडाळून नेली ती नेलीच. न्यान जगली. तिचे पाय काडीसारखे, एकमेकांत अडकलेले. मान डावीकडे कललेली, डावा हात छातीशी आवळलेला. उजव्या हाताची तीन बोटं जुळलेली, पण तो हात हलायचा. तोंडातून दोनच आवाज निघायचे, एक बदकं दिसली की आणि एक आई दिसली की.

नवरा ख्वात भला माणूस होता. युद्धात तो पश्चिमेच्या डोंगरात, जंगलातून ट्रकांसाठी वाट काढणाऱ्या तुकडीत होता. एरवी मुखदुर्बळ, पण तांदळाच्या दारूचा एक पेला पोटात गेला की एकच गोष्ट सांगायचा. सकाळच्या वेळी शत्रूची तीन विमानं शेजारी शेजारी, अगदी खालून, झाडांच्या शेंड्यांना घासत गेली. बॉम्ब पडला नाही. मागे नुसतं पांढरं धुकं राहिलं. यांनी ओले टॉवेल नाकाला लावले. धुकं अंगावर बसलं, भातावर बसलं, ओढ्यावर बसलं. चार दिवसांनी पानं गळायला लागली आणि पंधरा दिवसांत, जिथे भर दुपारी कंदील लागायचा त्या जंगलात, ख्वातदादाला जमिनीवर स्वतःची सावली दिसली.

"घाबरलो मी सावलीला," तो सांगायचा. "विमानाला नव्हतो घाबरलो. सावलीला घाबरलो."

पाणी मग कुठलं प्यायलात, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, त्याच ओढ्याचं. झाडं मेली होती, माणसं तर धडधाकट होती. म्हणजे ते झाडांचं विष, असं सगळे धरून चालले. पुढे लग्न झाल्यावर नवरा-बायकोने त्याच डोंगराच्या पायथ्याशी जमीन साफ करून कसाव्याचे कंद लावले आणि बॉम्बच्या खड्ड्यांत साचलेल्या तळ्यांतले मासे खाल्ले. मासे चांगले मोठे असायचे.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्याचा मला हक्क नाही. आमच्याकडे मूल महिन्याचं झालं की बारा सुइणींचे आभार मानतात. गोड चिकट भाताच्या बारा लहान वाट्या, त्यांच्या वरच्या मुख्य बाईसाठी एक मोठी, आणि बारा विडे. उदबत्ती विझत आली की एक बाई फुलाची डहाळी घेऊन बाळाच्या ओठांवरून फिरवते आणि म्हणते, बाळा, तोंड उघड, तुझ्या शब्दाला फूल येऊ दे, तुला बघून लोकांच्या पोटात माया येऊ दे. आमच्या वाडीत जिने ती डहाळी धरली, ती त्या मुलाची जन्माची मावशी. सख्खी असो की शेजारची. आई नसली की मूल तिच्या दारात जातं आणि ती नाही म्हणत नाही. कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही.

माझ्या मुलाच्या, त्वानच्या वेळी मला दोन दिवस कळा येत होत्या. माझ्या पाठीला गुडघा लावून थोमताई दोन दिवस बसली होती. डहाळी तिनेच धरायची, हे सांगायचीही गरज नव्हती. पण माझी सासू म्हणाली, जिच्या पोटी असलं मूल तिची सावलीसुद्धा ताटावर पडता कामा नये. तिच्या नवऱ्याच्या पितरांनी काहीतरी काळं केलं असणार, त्याशिवाय का? सासू म्हणाली हे खरं, पण कुंपणाच्या फाटकाला दोरी बांधली ती मी, याच हातांनी. थोमताई नवा सदरा घालून, जास्वंदीची डहाळी घेऊन आली. दोरी पाहिली. डहाळी फाटकाशेजारी मातीत खोचली आणि परत गेली. त्यावर ती मला कधी एक शब्द बोलली नाही. मीही नाही. डहाळी मात्र रुजली. आज तिचं माझ्या डोक्याइतकं झाड आहे, आणि बाराही महिने त्याला फुलं असतात.

ख्वातदादा पन्नाशीच्या आतच गेला, अंगावरचे फोड आणि पोटातली गाठ घेऊन. त्याच्या पुढच्या वर्षी आरोग्य खात्याचा एक तरणा माणूस वह्या घेऊन वाडीत आला. कुणाच्या घरी कसली मुलं आहेत, बाप युद्धात कुठे होता, कुठलं पाणी, कुठले मासे, सगळं विचारून लिहून घेतलं. मग त्याने थोमताईच्या ओट्यावर बसून सांगितलं, की त्या धुक्यातच ते विष होतं. मातीत उतरलं, तळ्याच्या गाळात बसलं, माशांच्या चरबीतून माणसांत आलं, आणि आईच्या पोटापर्यंत पोचलं. आम्ही दहा-बाराजणी दाराशी उभ्या होतो. कुणी रडलं नाही. मला तर आधी नीट कळलंच नाही. थोमताईने एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे सुइणींचा काही दोष नाही?"

तो शहरातला पोरगा गोंधळला. नाही आजी, म्हणाला, कुणाचाच नाही, म्हणजे तुमच्यातल्या कुणाचा नाही. तो गेल्यावर ती पायरीवर बसून राहिली. मी पाणी घेऊन गेले.

"अठरा वर्षं भलत्यांनाच शिव्या घातल्या गं, लुआ," ती म्हणाली.

मग आता ज्यांनी केलं त्यांना घाल, मी म्हटलं. ती म्हणाली, त्यांची नावं कुठे ठाऊक आहेत मला, आणि माझ्या शिव्याही संपल्या. खरोखरच संपल्या होत्या. पुढे कधी तिने आवाज चढवलेला मी ऐकला नाही. न्यानलाच सुरुवातीला करमेना. महिन्याच्या पहिल्या दिवशी ती दाराकडे बघून वाट पाहायची.

मला एका गोष्टीचं आजही नवल वाटतं, भीतीही वाटते. ज्या सकाळी ते धुकं पडलं, त्या सकाळी थोमताई एकोणीस वर्षांची होती, इकडे शेतात भाताची रोपं लावत होती. ख्वात नावाचा माणूस जगात आहे हेही तिला माहीत नव्हतं. विमानं दोन-चार मिनिटांत निघून गेली असतील. चालवणारे दुपारी जेवले असतील, म्हातारे होऊन मेलेही असतील. आणि ती दोन-चार मिनिटं माझ्या शेजारच्या घरात खाटेवर पडून आहेत, तीन बोटं जुळवून. एवढा लांबचा पल्ला गाठणारी दुसरी कुठलीही गोष्ट मी पाहिलेली नाही. निदान तेव्हा पाहिली नव्हती.

त्यानंतर थोमताईने एक नवंच खूळ घेतलं. वाडीत कुणाचंही मूल महिन्याचं झालं की बारा वाट्या ही करणार. आल्याचा रस आणि गूळ घालून ती असा भात शिजवायची की लोक विधीपेक्षा त्याचीच वाट पाहत. ज्यांनी तिला दारात उभं केलं नव्हतं त्यांनीच आता बोलवायला सुरुवात केली. मी म्हटलं, तुला राग येत नाही? ती म्हणाली, मी भात त्यांच्यासाठी करतच नाही, सुइणींची माफी मागायची आहे, अठरा वर्षांची. मग न्यानच्या नावाने का नाही मांडत वाट्या, मी विचारलं. त्यावर ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं काही मीच खुळी.

"आभार काम संपल्यावर मानतात. त्यांचं काम मध्येच बंद पाडलं ना कुणीतरी. राहिलंय ते."

वर्षं गेली. माझा नवरा गेला, त्वान दूर सायगाव शहरात कारखान्यात लागला, त्याला दोन मुलं झाली. थोमताई मात्र तिथेच. रोज सकाळी सत्तावीस किलोची न्यान पाठीवर घेऊन विहिरीवर जायची, अंघोळ घालायची, केस विंचरायची, आणि तीनदा भरवायची. मिठात मुरवलेल्या माशांच्या खाऱ्या रसाचे दोन थेंब घातलेली पेज, चमच्याने, एकेक घास, मान सावरून. एका जेवणाला तासभर लागायचा. छत्तीस वर्षं. गुणाकार करायला बसले की माझं डोकं चालत नाही.

गेल्या वर्षी थोमताई विहिरीवर कोसळली. सदुसष्टावं वर्ष. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, वजन उचलायचं नाही. जिल्ह्याच्या गावी अशा मुलांसाठी एक आश्रम आहे, तिथे तिने निरोप पाठवला. उत्तर आलं, जागा एक आहे, पण ज्याला स्वतःच्या हाताने खाता येतं त्यालाच घेतो. नववर्षाच्या सणाआधी आमच्या बाई येऊन बघून जातील. सणाला पाच महिने होते.

दुसऱ्या दिवसापासून तिने शिकवायला सुरुवात केली. नारळाच्या करवंटीची वाटी फळीच्या भोकात घट्ट बसवली, हलायला नको म्हणून. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. न्यानच्या जुळलेल्या बोटांत तो अडकवायचा, तिचं मनगट धरायचं, वाटीत बुडवायचं, वर न्यायचं. मग मनगट सोडून द्यायचं. सोडलं की हात धपकन खाली. पेज सगळीकडे, उशीवर, केसांत, थोमताईच्या तोंडावर. पुन्हा पहिल्यापासून.

महिनाभराने एक दिवस मी दुपारी भाजी द्यायला गेले. न्यानपुढे पेज गार झालेली, चमचा खाली पडलेला, आणि ती आईला बोलवायचा आवाज काढत होती. भुकेचा. थोमताई तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी. माझं डोकंच फिरलं. मी चमचा उचलला आणि भरवायला लागले. तिने वळून माझा हात धरला.

"ठेव ते."

"आई आहेस का कसाई?" मी म्हटलं. "छत्तीस वर्षं केलंस आणि आता उपाशी मारतेस?"

"मी मेल्यावर तू येशील रोज तीनदा?"

त्वान कधीपासून सायगावला बोलवत होता. सणानंतर कायमचीच ये, नातवंडं बघ, असं ठरलंही होतं, आणि थोमताईला ते ठाऊक होतं. तिने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं. मी चमचा खाली ठेवला आणि घरी आले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या महिन्यात हात धपकन पडायचा थांबला. चौथ्यात चमचा वाटीत आपला आपण बुडायला लागला. एरवी सगळं आपोआप होतं म्हणून आपल्याला कळत नाही, पण चमचाभर पेज वाटीतून वर येणं ही केवढी गोष्ट आहे ते मी तेव्हा पाहिलं. न्यानच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, कपाळावर घाम यायचा, जीभ बाहेर. हात दहा ठिकाणी थांबायचा. थोमताई समोर बसून स्वतःचं तोंड उघडायची, न्यानने बघून उघडावं म्हणून. रोज तीन वेळा, पाच महिने, ही बाई रिकामं तोंड उघडून बसत होती. मी कुंपणापलीकडून बघायचे.

सणाला आठ दिवस असताना आश्रमाच्या दाओबाई आल्या. मध्यमवयीन, पायांत रबरी चपला, चेहरा दमलेला. मीही जाऊन बसले. थोमताईने वाटी ठेवली, चमचा बोटांत अडकवला आणि मागे सरकून समोर बसली. न्यानने चमचा बुडवला. उचलला. थरथरत वर आला, हनुवटीपर्यंत आला. आणि तिथून पुढे गेला. तिच्या तोंडावरून सरळ पुढे, आईच्या दिशेने, हात जाईल तितका लांब. चमचा थोमताईच्या तोंडापुढे येऊन थांबला, आणि न्यानने आई दिसली की काढायचा तो आवाज काढला.

थोमताईने पुढे वाकून घास घेतला. न्यान खिदळली आणि पुन्हा चमचा बुडवला. पुन्हा आईकडेच. असं तीनदा झालं. तिन्ही घास थोमताईने गिळले.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

दाओबाईंनी डोळे पुसले. पण माणूस सरळ होता. त्या म्हणाल्या, आमच्याकडे बत्तीसजण आणि आम्ही चौघी. हिला भरवायला बसलो तर दुसरं कुणीतरी उपाशी राहील. आजी, मला खोटं लिहिता येणार नाही. थोमताईने त्यांना चहा दिला आणि बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. मी न्यानजवळ थांबले आणि मनातल्या मनात जगातल्या यच्चयावत विमानांना शिव्या घातल्या. थोमताईच्या संपल्या होत्या, माझ्या शिल्लक होत्या. पाच महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, मला वाटलं. पोरगी शिकली ते भलतंच.

ती परत आली तेव्हा मी हेच म्हणाले. तिने मान हलवली.

"तिने जन्मभर चमचा एकीच्या हातातून दुसरीच्या तोंडात जाताना पाहिलाय. चमचा त्यासाठीच असतो असं तिला वाटतं. दुसरं तिने पाहिलंय कुठे?" आणि पुढे म्हणाली, "शेवटचीचं काम घास तोंडात न्यायला शिकवायचं. कुणाच्या तोंडात, ते कुठे ठरलंय? झालं काम. उद्या वाट्या मांडते. तू ये."

मी रात्रभर विचार केला असं सांगेन तर खोटं. मी विचार टाळला, सायगावच्या पिशवीत कपडे भरले, आणि सकाळी नवा सदरा घालून गेले.

अंगणात चटई घातली होती. बारा वाट्या, एक मोठी, बारा विडे, आल्याचा वास. न्यानला लाल झबलं घातलेलं, तान्ह्या बाळाला घालतात तसं, पण छत्तीस वर्षांच्या अंगाच्या मापाने शिवलेलं. कधी शिवलं कुणास ठाऊक. वाडीतल्या बाया कुंपणाला टेकून बघत होत्या आणि एकीच्याही तोंडून हसू निघालं नाही. थोमताईने उदबत्ती लावली. आभाळाकडे तोंड केलं, कमरेवर हात न ठेवता, हात जोडून. अठरा वर्षं जिथे उभी राहून ती भांडली, त्याच जागी.

"पायवाले, हातवाले, सगळ्याजणींनो," ती म्हणाली, "तुम्हांला नीट काम करू दिलं नाही कुणी. तरी हसायला शिकवणारीने चोख शिकवलं, ते मी रोज बघते. बाकीचं मला जमलं तेवढं मी केलं. गोड मानून घ्या."

उदबत्ती विझत आली. थोमताई उठली, फाटकाकडे गेली आणि तिने जास्वंदीची डहाळी मोडली. त्याच झाडाची. ती आणून तिने माझ्या हातात दिली. तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मी कारणं सांगितली असती, माझी पाठ, त्वान, नातवंडं. ती फक्त दिली आणि मागे जाऊन बसली. ज्या हातांनी मी दोरी बांधली होती त्या हातांत फूल आलं.

मी न्यानसमोर बसले. डहाळी उचलायची आणि म्हणायचं, बाळा, तोंड उघड. एवढंच. मी डहाळी उचलली. तेवढ्यात न्यानने मोठ्या वाटीत चमचा बुडवला. उचलला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. गोड भात वाटेत थोडा सांडला, थोडा राहिला. चमचा तिच्या हनुवटीवरून पुढे आला, दहा ठिकाणी थांबत, आणि माझ्या ओठांशी येऊन उभा राहिला. तिने आवाज काढला. बदकांचा नव्हे, दुसरा.

मी तोंड उघडलं.